क्षमेची ओळ

आमच्या पनवेलच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायका एकमेकींशी भांडत नाहीत, एकमेकींसाठी प्रार्थना करतात. खोटं वाटत असेल त्याने बुधवारी दुपारी आमच्या प्रार्थनासभेला येऊन बसावं. भांडणात समोरची उलटून बोलू शकते. प्रार्थनेत तशी सोय नाही. गुडघे टेकलेले, डोळे मिटलेले, बोलणं सगळं देवाशी चाललेलं. मध्ये तोंड घालायची कुणाची छाती? आपली पाळी येईपर्यंत दातओठ खात बसायचं, आणि पाळी आली की आपणही देवालाच सांगायचं.

"हे कृपाळू पित्या, आमच्यातली जी बहीण उसनं नेलेलं पातेलं परत द्यायला विसरते, तिला स्मरण दे," असं एकीने म्हणायचं. दुसरीने तिच्या पाळीला म्हणायचं, "आणि प्रभू, जिला पातेल्यापलीकडे काही दिसत नाही, तिची दृष्टी मोठी कर." मग सगळ्यांनी मिळून आमेन म्हणायचं आणि चहा प्यायचा. मला याची चीड येई. अरे, मारायचंच आहे तर हात उगारून मारा ना, हात जोडून काय मारता! पण मी गुणाबाई, दवाखान्यातल्या कंपाउंडरची तोंडाळ बायको. माझं कोण ऐकणार? मी आपली प्रार्थनेत डोळे किलकिले ठेवून सगळ्यांची तोंडं बघत असे. एवढ्या सगळ्या मिटलेल्या डोळ्यांत दोन उघडे असलेले बरे.

या खेळात दोन जणींचा हात धरणारं कुणी नव्हतं. कमळाबाई थोरली जाऊ आणि भीमाबाई धाकटी. घराणं मूळचं रोडपालीचं, मिठागरात राबणारं. सासऱ्यांच्या वेळी ते ख्रिस्ती झालं आणि पनवेलला येऊन राहिलं. दोघींच्या घरांमध्ये एकच कुडाची भिंत होती. या बाजूला कुणी खोकलं तर त्या बाजूला कळे, इतकी जवळीक. आणि दहा-अकरा वर्षांत एकीने दुसरीशी एक शब्द बोललेला नव्हता. जे काही बोलायचं ते बुधवारी, देवामार्फत. प्रार्थनेत दोघींची भाषा मोठी शुद्ध, अगदी व्यासपीठावरची. राग अनावर झाला की मात्र मिठागर वर येई आणि 'आम्ही'चं 'आमी' होई. तसं झालं की मी समजायचे, आता जपून.

अबोला उगाच नव्हता. कमळाबाईंना एकुलता एक मुलगा होता, आनंदा. पाच-सहा वर्षांचं पोर विषमज्वराने गेलं. सगळी मंडळी त्याच्या खाटेभोवती गुडघे टेकून होती आणि सगळ्यांच्या देखत ते गेलं. माती देऊन परत आल्यावर भीमाबाईने जावेला पोटाशी धरलं आणि रडत रडत म्हणाली, "वयनी, आपला इस्वास कमी पडला गं." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पोटचं पोर पुरून आलेल्या बाईला असं सांगतात का? कमळाबाईंनी तिला ढकलून दिलं. म्हणाल्या, "तुला पन पोर हाय. तिच्यावर येल तवा तुजा इस्वास मी बगीन." भीमाबाईची वेणू तेव्हा आठ वर्षांची, दारात उभी राहून ऐकत होती. ते शब्द भीमाबाईच्या काळजात रुतले ते रुतलेच. एकीला झालेलं बोलणं विसरता येईना, दुसरीला ऐकलेला शाप.

आमचे जुने पाळक, म्हणजे धर्मगुरू, आता देवाघरी गेले, पण त्यांनी आम्हाला एक वळण लावून ठेवलं होतं. ते म्हणत, प्रभूची प्रार्थना, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', पाठ आहे म्हणून घडाघडा म्हणू नका. जी ओळ मनात खरी नसेल, तिथे गप्प राहा. देव तुमचं गप्प बसणं सोसेल, खोटं बोलणं सोसणार नाही. हे आमच्या हाडीमाशी इतकं खिळलं होतं, की बाजारात बिनदिक्कत खोटं बोलणारी बाईसुद्धा गुडघे टेकल्यावर खोटं बोलत नसे. टोमणे मारी, पण खोटं नाही.

त्यामुळे दर रविवारी एक गोष्ट घडे. सगळी मंडळी एका सुरात प्रभूची प्रार्थना म्हणत असायची, आणि दुसऱ्यांना क्षमा करण्याची ओळ आली की बायकांच्या बाजूचे दोन आवाज बंद पडायचे. ओळ संपली की पुन्हा सुरू. नवख्या माणसाला वाटे, बायका दम खाताहेत. आम्हाला माहीत होतं. आम्ही सगळे त्या ओळीला कान लावून असायचो. आज तरी म्हणतील, असं वाटायचं, आणि कुणी म्हणत नसे.

सत्तावन्न सालच्या मे महिन्यात वेणूचं मिरजेला नर्सिंगला जायचं घाटत होतं. पोरगी एकोणीस वर्षांची, हाताची हलकी, आमच्या दवाखान्यात येऊन मलमपट्ट्या शिकलेली. नर्सच का व्हायचं, असं मी तिला एकदा विचारलं होतं. म्हणाली, "आनंदा पानी मागत होता, मावशी, आनि सगळे डोळे मिटून बसले होते. मी उठून दिलं." एवढंच बोलली. हे तिने आईला सांगितलं नव्हतं, आणि काकीला सांगायचा तर प्रश्नच नव्हता.

मिरजेला पाळकांचा वर्तणुकीचा दाखला लागे. मुलीचा दाखला असेल तर पाळक बायकांच्या सभेचं मत घेत. सभेच्या शेवटी तेव्हाच्या पाळकांची बायको चंद्रावतीबाई विचारणार, "कुणाला काही सांगायचंय का?" सगळ्या गप्प राहिल्या तर रविवारी सही. एकीनेही तोंड उघडलं तर सही नाही, मिरज नाही.

आणि सांगण्यासारखं होतं, हीच तर पंचाईत होती.

आदल्या वर्षी वेणू बंदरावरच्या शिवा कोळ्याबरोबर त्याच्या मचव्यातून उरणला गेली होती. शिवा भला पोरगा, तिच्याशी लग्न करायला तयार होता. वेणूला लग्न करायचं नव्हतं, तिला खाडीपलीकडचा उघडा दर्या बघायचा होता. संध्याकाळपर्यंत परत यायचं ठरलं होतं. वारा पडला, ओहोटी लागली, मचवा गाळात बसला. रात्र तिने शिवाच्या मावशीकडे काढली आणि दुसऱ्या दिवशी भरतीबरोबर परत आली. वावगं काही घडलं नव्हतं, वेणूने मला सगळं सांगितलं होतं. पण हे कोण मानणार? भीमाबाईने शेजारीपाजारी सांगून टाकलं, पोरगी पेणला नातलगांकडे गेली होती. सगळ्यांना पटलं. फक्त त्या रात्री कुडाच्या भिंतीपलीकडे कमळाबाई जाग्या होत्या, आणि त्यांनी खाडीच्या नावाने चाललेलं भीमाबाईचं रडणं ऐकलं होतं.

वर्षभर त्या काही बोलल्या नाहीत. त्यामुळेच मला जास्त भीती वाटत होती.

दाखल्याचा विचार व्हायचा त्या बुधवारी वेणूने मला वडाळे तळ्यापाशी गाठलं. वेणी घट्ट घातलेली, पदर डोक्यावरून नीट घेतलेला, तोंड पांढरंफटक.

"मावशी, काकी आज येनार?"

"येणार तर. कधी चुकल्यात का त्या?"

"बोलल्या तर?"

"त्या तुझ्या आईच्या घराबद्दल तोंडाने बोलायच्या नाहीत. अबोला आहे ना," मी म्हटलं. तिला धीर द्यायला म्हटलं, पण माझंच मन खाऊ लागलं. तोंडाने बोलणार नाहीत. प्रार्थनेत?

आमच्या चर्चच्या देवळात उकाडा मी म्हणत होता. शेजारच्या पोह्यांच्या गिरणीची धडधड भिंतीतून येत होती. आम्ही चटयांवर गुडघे टेकले, कोपरं बाकांवर ठेवली. वेणू माझ्या उजव्या हाताला, तिच्यापलीकडे भीमाबाई. कमळाबाई समोरच्या रांगेत. चंद्रावतीबाई टेबलापाशी, हातात रुमाल. त्या शांत बाई, पण नियमाच्या पक्क्या. प्रार्थना दारापासून सुरू झाली. पावसासाठी झाली, आजाऱ्यांसाठी झाली, काळूरामच्या मोडलेल्या पायासाठी झाली. मी काळूरामच्या पायासाठी मोठ्याने आमेन म्हटलं, आणि कमळाबाईंची पाळी आली.

त्यांनी घसा साफ केला नाही. हळूच सुरुवात केली.

"हे सर्वसमर्थ पित्या, तू सर्व पाहतोस. तुझ्यापासून अंधार काही लपवीत नाही. आज आमच्या मंडळीतून एक तरुण मुलगी सेवेसाठी जाणार आहे. तिच्यासाठी मी विनंती करते."

वेणूचं कोपर माझ्या कोपराला लागलं होतं. ते तिने झटकन आत ओढून घेतलं.

"जिचे हात रोग्यांना लागणार, तिचे हात स्वच्छ असोत. प्रभू, एखादं मेंढरू खाडीच्या वाटेने गेलं असेल, तर ते तुला ठाऊक आहे. एखाद्या घरात एका रात्री एक अंथरूण रिकामं होतं, तेही तुला ठाऊक आहे. ज्यांनी ते झाकलं, त्यांना उघडं करण्याचं धैर्य दे."

मी डोळे सताड उघडले. चंद्रावतीबाईंचे मिटलेलेच होते, पण कपाळावर आठी पडली होती. नाव घेतलं नव्हतं. नाव घ्यायची गरजही नव्हती, मंडळीत सेवेला जाणारी तरुण मुलगी होती किती? तरी अजून वाट होती. अंथरूण कुणाचं, खाडी कुठली, हे सगळं मोघम होतं. भीमाबाईने जीभ चावून धरली असती, तर चंद्रावतीबाईंना विचारायला धागा मिळाला नसता. मी मनातल्या मनात म्हणत होते, भीमे, गप्प बस. आजच्या दिवस गप्प बस. माझी त्या दिवसातली खरी प्रार्थना तेवढीच.

कमळाबाईंचं आमेन पुरतं व्हायच्या आत भीमाबाई सुरू झाली. पाळी तिची नव्हती.

"हे न्यायी देवा, निर्दोषाचा कैवार घेणारा तू आहेस. माझ्या मुलीवर जे बाण मारतात, त्यांना तू पाहा. तू साक्षी आहेस, की माझी वेणू त्या रात्री पेणला..."

ती थांबली.

गिरणी धडधडत होती. भीमाबाईने पुन्हा सुरू केलं, आवाज चढवून.

"माझी वेणू त्या रात्री, हे प्रभू, पेणला माझ्या..."

पुन्हा थांबली. मी तिच्याकडे वाकून बघितलं. ओठ हलत होते, घामाने तोंड निथळत होतं. शेजारणींना सांगताना हेच वाक्य तिने किती सहज सांगितलं होतं! पण आता गुडघे टेकलेले होते, आणि साक्षीला तिने देवालाच बोलावलं होतं. वाक्य पुरं करायचं तर खोटं बोलायला हवं होतं, आणि नाही केलं तर पोरीचा निकाल लागत होता. तिने तिसऱ्यांदा तोंड उघडलं.

"देवा, मी काय करू? माज्या तोंडातून येत नाय रे."

संपलं. कमळाबाईंना जे सिद्ध करता आलं नसतं, ते आईने करून दाखवलं होतं. पेणला नव्हती, एवढं आता भिंतीवरच्या पालीलाही कळलं होतं. मला भीमाबाईचा इतका संताप आला, की वाटलं तिला गदगदा हलवावं. आणि त्याच वेळी तिची दयाही आली. मी समोर कमळाबाईंकडे बघितलं. त्यांनी डोळे उघडले होते. जिंकलेल्या बाईचं तोंड असं नसतं. आनंदाची माती देऊन आल्या त्या दिवशी होतं, तसंच होतं. त्या वेणूकडे बघत होत्या, आणि वेणू कुणाकडेच बघत नव्हती.

आता काय होणार? चंद्रावतीबाई विचारणार, आणि कुणीतरी काहीतरी बोलणार. कुणी आमेनही म्हणेना. प्रार्थना उघडीच राहिली होती. ती बंद कशी करायची, कुणाला कळेना.

तेवढ्यात वेणूने प्रभूची प्रार्थना सुरू केली.

ती शेवटी म्हणायची असते, आणि एकीने सुरू केली की सगळ्यांनी म्हणायची असते. आवाज तिचा स्वच्छ होता. आधी मी धरली, मग दारापाशीच्या बायकांनी, मग चंद्रावतीबाईंनी. पित्याचं नाव झालं, राज्य झालं, रोजची भाकर झाली. ओळ जवळ येऊ लागली आणि माझे कान टवकारले. इतक्या वर्षांची सवय. आता दोन आवाज गळणार.

ते गळले नाहीत. समोरून कमळाबाईंचा आवाज आला, फाटलेला, पण आला. पलीकडून भीमाबाईचा आला, रडण्यात बुडालेला. दोघींनी ती ओळ पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत म्हटली. दारापाशी कुणीतरी हुंदका दिला. अकरा वर्षं ज्याची वाट बघितली ते आज झालं, असं मनात आलं आणि मी हसून वेणूकडे वळले.

वेणू गप्प होती.

ओठ घट्ट मिटलेले. सुरू करणारीच गप्प होती. ओळ संपली, पुढची आली, आणि तिने तिथून पुन्हा धरली. आमेनपर्यंत नीट म्हटली.

सगळ्या उठून बाकांवर बसल्या. चंद्रावतीबाईंनी रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"वेणू," त्या म्हणाल्या, "त्या रात्री तू कुठे होतीस?"

"उरनला," वेणू उभी राहून म्हणाली. "शिवाच्या मचव्यातनं गेले होते, दर्या बगायला. मचवा गाळात बसला. त्याच्या मावशीकडं निजले. पेनला नव्हते मी. आईनं माज्यासाठी सांगितलं."

"आणखी काही?"

"काय नाय."

चंद्रावतीबाईंनी रुमाल टेबलावर ठेवला. "तू प्रार्थना सुरू केलीस आणि एक ओळ सोडलीस."

"हां, बाई."

"का?"

"मनात नाय," वेणू म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. "दोगींनी मला मदे घालून देवाच्या हातनं दगड मारले. एकीनं मुद्दाम, एकीनं चुकून. मला दोगींचा राग हाय. म्हटली असती तर खोटं झालं असतं."

भीमाबाईने पदर तोंडात कोंबला. मला वाटलं, झालं, आता पोरीने स्वतःच्या हाताने दार लावून घेतलं. क्षमा करत नाही असं भर सभेत सांगणाऱ्या मुलीला कुठला पाळक दाखला देईल?

चंद्रावतीबाई उठल्या. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "वेणू मिरजेला जाण्याबद्दल कुणाला काही सांगायचंय का?"

कमळाबाई उभ्या राहिल्या. त्या चंद्रावतीबाईंकडे बघून बोलल्याच नाहीत, वळल्या आणि जावेकडे बघून बोलल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा, देवाला मध्ये न घेता.

"भीमे, पोर खरं बोलली. आपन दोगी नाय बोललो. जाऊ दे तिला."

भीमाबाईने मान हलवली. बाकी कुणी बोललं नाही. रविवारी दाखल्यावर सही झाली.

जूनच्या सुरुवातीला वेणू पुण्याच्या एस.टी.त बसली, पुढे रेल्वेने मिरज. स्टँडवर दोघी जावा आल्या होत्या. एकीच्या हातात पोह्यांचा डबा, दुसरीच्या हातात सुक्या बोंबलांची पुरचुंडी. वेणूने दोन्ही घेतलं. माझ्या गळ्यात पडली. आईला आणि काकीला वाकून नमस्कार केला, "येते" म्हणाली, आणि खिडकीत बसून समोर बघत राहिली. वाईट वागली नाही. वाईट वागली असती तर दोघींना बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

आता दोघींच्या घरांमधल्या कुडाला दार पाडलंय. कालवण इकडून तिकडे जातं. बुधवारच्या सभेत हल्ली कुणी कुणावर प्रार्थना करीत नाही, आणि खरं सांगायचं तर सभा जरा आळणीच झालीय. रविवारी क्षमेची ओळ येते आणि दोन्ही आवाज ती म्हणतात. नवख्या माणसाला आता काहीच वेगळं वाटत नाही. फक्त ती ओळ संपल्यावर भीमाबाई क्षणभर अडते, शेजारच्या रिकाम्या जागेकडे कान देते, आणि मग पुढचं म्हणते.

उपासना सुटली की ती पायरीवर माझा हात धरते.

"गुनाबाय, तिकडं म्हनत असंल का गं पोर ती ओळ?"

दर रविवारी हेच विचारते. चार पावलं पुढे गेलेल्या कमळाबाई तिथेच थांबतात, मागे वळत नाहीत, पण माझं उत्तर ऐकू येईल इतक्या जवळ थांबतात.